शिंत्रे पेंटरांचा कॉम्प्युटर

हुबळीतल्या कॉम्प्युटरच्या एका मोठ्या दुकानात शिंत्रे अण्णांनी पिशवीतून पुठ्ठ्याचा एक तुकडा काढला आणि काउंटरमागच्या मालकाला सांगितलं, "त्या कॉम्प्युटरचा डबा उघडा जरा."

मालक पुठ्ठ्याकडे बघत राहिला. "हे काय आहे?"

"ग्राफिक्स कार्ड."

"हा तर पुठ्ठा आहे."

"माप बरोबर आहे. लांबी, रुंदी, जाडी, तिन्ही. आत घालून बघू द्या. बसलं तर पुढचं बोलू."

मी शेजारी उभा राहून भिंतीवरचे माऊस मोजत होतो. अण्णांबरोबर दुकानात गेलं की मला भिंती फार आवडायला लागतात.

धारवाडला सप्तापुरात आमच्या घराला लागून शिंत्रे अण्णांचं घर आहे. वय एकसष्ट, अंगानं सडसडीत, शर्टाच्या कोपरावर कधीतरी सांडलेला निळा ऑईलपेंट. चाळीस वर्षं त्यांनी बोर्ड रंगवले. कानडी, मराठी, इंग्रजी, ज्याला जे पाहिजे ते. दवाखाने, किराणा दुकानं, वकिलांच्या पाट्या, खतांच्या दुकानांची शटरं. पुढे फ्लेक्स आलं आणि एका रात्रीत छापलेला बोर्ड सकाळी लटकायला लागला. बाकीच्या पेंटरांनी धंदा सोडला. अण्णांनी फक्त भाव कमी केला आणि तोंड जास्त चालवायला सुरुवात केली.

त्यांचा लाडका शब्द म्हणजे "सुळ्ळ". कानडीत सुळ्ळ म्हणजे खोटं. पण अण्णा तो रागानं म्हणत नाहीत, डॉक्टरनं रोगाचं नाव सांगावं तसा शांतपणे म्हणतात. समोरचा माणूस वाक्य पूर्ण करतो, अण्णा मान हलवतात आणि म्हणतात, "सुळ्ळ." मग तो माणूस चहा सांगतो तरी किंवा भांडायला उठतो तरी.

हे अण्णा मागच्या हिवाळ्यात एका सकाळी माझ्या दारात आले आणि म्हणाले, "सर, तुम्ही कॉलेजात कॉम्प्युटर शिकवता. हलती अक्षरं करायला कुठला कॉम्प्युटर घ्यावा?"

मी जरा घसा खाकरून बोललो. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड, सगळं सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं.

"तुम्ही स्वतः कधी घेतलाय का असला?"

"नाही. कॉलेजचा असतो."

"मग तुम्ही पण माझ्याबरोबर या. दोघंही शिकू."

हकिकत अशी होती. अमरगोळच्या मार्केट यार्डात गेटावर मोठा एलईडी पडदा बसणार होता. रोजच्या सूचना आणि अडत दुकानांच्या जाहिराती त्याच्यावर हलत्या अक्षरांत येणार होत्या. यार्डातले एक मिरचीचे व्यापारी, त्यांना सगळे अप्पा म्हणतात, अण्णांचे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या दुकानाचा बोर्ड अण्णांनीच रंगवलेला. अप्पा म्हणाले होते, "हुबळीचा एक स्टुडिओ काम मागतोय. तू पण नमुना आण, शिंत्रे. दोन महिने आहेत. वीस सेकंदांचा."

अण्णांकडे कॉम्प्युटर नव्हता. हलती अक्षरं करायची विद्याही नव्हती. पण दोन महिने होते, आणि तेवढ्यात दोन्ही होईल असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. विद्या ते फोनवरचे व्हिडिओ बघून शिकत होते आणि सराव माझ्या जुन्या लॅपटॉपवर करत होते. तो बिचारा एक अक्षर उजवीकडून डावीकडे न्यायचा म्हटलं तरी विमानासारखा आवाज करायचा. सॉफ्टवेअर त्यांनी फुकटातलं, रीतसर मिळणारं शोधून काढलं. प्रश्न यंत्राचा होता, आणि त्यासाठी त्यांच्याकडे साठ हजार होते. एकसष्ट नव्हते.

दुकानदार पहिल्यांदा दाखवायचे ते काचेच्या बाजूंचा डबा. आत पंखे फिरतात, लाल हिरवे जांभळे दिवे लागतात. भाव दीड लाखाच्या आसपास. अण्णा वाकून बघायचे.

"ह्या दिव्यांनी काम लवकर होतं का?"

"नाही, तो लुक आहे, सर."

"मग दिवे काढून भाव सांगा."

दिवे काढून भाव कोणी सांगत नसे. मग अण्णांची परीक्षा सुरू व्हायची. खिशात एक पेनड्राईव्ह असे, त्यात त्यांनी स्वतः बनवलेली दहा सेकंदांची एक फाईल. हलतं चित्र जुळवून झालं की कॉम्प्युटरला ते पक्कं तयार करायला वेळ लागतो, त्याला रेंडर म्हणतात. अण्णा म्हणायचे, "भात शिजणं." पेनड्राईव्ह पुढे करून विचारायचे, "माझा भात तुमच्याकडे किती वेळात शिजतो ते दाखवा." आणि मनगटावरचं घड्याळ काढून काउंटरवर ठेवायचे.

एका दुकानदारानं सांगितलं, "आमच्याकडे दोन मिनिटांत होईल."

अण्णा म्हणाले, "सुळ्ळ."

सात मिनिटं लागली. दुकानदारानं चहा सांगितला.

मला वाटलं होतं, चार दुकानं फिरून हे थकतील. आम्ही अकरा फिरलो. धारवाडहून हुबळी, हुबळीहून धारवाड. बसमध्ये अण्णा मला शिकवायचे. वेगवान प्रोसेसर घेऊन रॅममध्ये कंजूषपणा केला तर काय होतं, कार्ड मोठं आणि वीज पुरवणारा डबा लहान असला तर काय होतं, जुनी डिस्क असली तर सगळं कसं तिच्यापाशी येऊन तुंबतं. पुस्तकात हे सगळं मला माहीत होतं. तरी पुढच्या आठवड्यात वर्गात मी अण्णांचीच वाक्यं वापरली, आणि पोरांना पहिल्यांदाच कळलेलं दिसलं.

दहाव्या दुकानाबाहेर मी चिडलो. "अण्णा, एवढं कशाला? फ्लेक्सवाल्याकडे डिझाईनचं काम मिळेल तुम्हाला. नाहीतर बोर्डच रंगवा. तुमच्यासारखा हात आहे कुणाचा?"

आम्ही चहाच्या टपरीवर उभे होतो. अण्णांनी ग्लास उचलला. उजव्या हातानं उचलला आणि डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. तरी चहा कडेवरून हिंदकळलाच.

"वर्ष झालं," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, जिवाला धोका नाही. गोळी आहे. पण ओळ सरळ येत नाही, सर. शेवटचा बोर्ड मी तीनदा पुसला. गिऱ्हाईक बघत उभं होतं."

"माऊसला चालतं," अण्णा म्हणाले. "अक्षर कुठनं निघायचं ते सांगायचं, कुठं पोचायचं ते सांगायचं. मधली रेघ तोच सरळ ओढतो. हात हलला तरी त्याला कळत नाही." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "चला. ते कोपऱ्यावरचं दुकान राहिलंय."

यंत्र शेवटी दुकानात मिळालंच नाही. ते मिळालं बेलूरला. धारवाडजवळच्या त्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यानं आपल्या ड्रॉईंग खात्यातले जुने वर्कस्टेशन विकायला काढल्याची खबर अण्णांना सलूनमध्ये लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिथल्या स्टोअरमध्ये हजर. काळे, जाड पत्र्याचे सात डबे भिंतीला लागून ठेवलेले. काच नाही, दिवे नाहीत. अण्णांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा समाधान दिसलं.

"हे कामाला आलेलं यंत्र," ते मला हळूच म्हणाले. "ते दुकानातले वरातीला आलेले."

स्टोअरकीपर कानडी गृहस्थ होते, निवृत्तीला आलेले. अण्णांनी पुठ्ठा काढला. मी भिंत शोधली. पण ते गृहस्थ हसले नाहीत. त्यांनी स्वतः डबा उघडून दिला आणि वाकून बघायला लागले. पुठ्ठा बसेना. अर्ध्या इंचावर डिस्क ठेवायची एक पत्र्याची चौकट आडवी येत होती.

"बेड, बेड, नको हे, सोडून द्या," मी म्हणालो.

अण्णांनी खिशातून पेचकस काढला. चार स्क्रू. डाव्या हातानं उजवा हात धरून त्यांनी तीन काढले. चौथा निघेना, तो स्टोअरकीपरनी काढून दिला. चौकट बाहेर आली, पुठ्ठा आत गेला.

"आता वीज," अण्णा म्हणाले. वीज पुरवणाऱ्या डब्यावरचं लेबल त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, मला वाचायला लावलं, मग स्टोअरकीपरना. तिघांचं एकमत झाल्यावर व्यवहार झाला. रॅम वाढवली, नवी डिस्क घातली, खरं कार्ड आणलं. ते पुठ्ठ्याइतकंच निघालं. अण्णांचा भात दोन मिनिटं दहा सेकंदांत शिजला. साठ हजारांतले पडद्यापुरते शिल्लक राहिले.

पडदा, म्हणजे मॉनिटर, निवडायला मात्र अण्णांनी मला नेलं नाही. त्यांनी गंगाक्कांना नेलं. मी आपला हौसेनं मागे गेलो. गंगाक्का म्हणजे त्यांची बायको, अळणावरकडच्या खेड्यातली, ठेंगणी, कमी बोलणारी. लग्नापासून अण्णांचे रंग त्याच मिसळायच्या. दुकानात पाच मॉनिटर ओळीनं लावले होते, सगळ्यांवर मिरचीच्या ढिगाचा एकच फोटो. दुकानदार पिक्सेल, हर्ट्झ वगैरे सांगत होता. गंगाक्का पदर खोचून एकेकासमोर उभ्या राहिल्या.

"ही मिरची नव्हे, कुंकू आहे," पहिल्यासमोर म्हणाल्या. दुसऱ्यासमोर, "ही ओली वाटते." तिसरा सगळ्यात महाग होता. "ह्याला नुसतं तेल लावलंय." चौथ्यासमोर त्या थांबल्या. "ही ब्याडगी. हा घ्या."

तो भावानं खालून दुसरा होता. दुकानदारानं महागाची बाजू घ्यायचा प्रयत्न केला. अण्णा म्हणाले, "रंगाचं तिला विचारायचं. मला सुद्धा बोलायचा हक्क नाही तिथं."

नमुना दाखवायचा दिवस आला. यार्डाच्या गेटावर पडदा बसला होता, दुपारचे तीन, समोरून ऊन. आधी हुबळीच्या स्टुडिओचा नमुना लागला. सोनेरी धूळ उडाली, मिरच्या गरगर फिरल्या, अक्षरं आली ती ठिणग्या सोडत आली. सुंदर होतं. फक्त उन्हात काय लिहिलंय ते कोणाला दिसलं नाही.

मग अण्णांचा. पिवळ्यावर काळी कानडी अक्षरं. डावीकडून एक शब्द आला, थांबला. दुसरा आला, थांबला. एका बाजूला एक लाल मिरची, तीही देठ हलवून गप्प बसली.

एक व्यापारी म्हणाला, "हे फार साधं आहे हो."

"मालक," अण्णा म्हणाले, "तुमचं गिऱ्हाईक खुर्चीत बसून बघणार नाही. ते ट्रॅक्टरवर आहे, मागून दुसरा हॉर्न वाजवतोय. एक दोन तीन म्हणेपर्यंत त्याला वाचून झालं पाहिजे. रस्त्याच्या पलीकडे जाऊन बघा." आणि ते स्वतःच चालायला लागले. अप्पा त्यांच्या मागे, बाकीचे अप्पांच्या मागे. रस्त्यापलीकडे उभं राहून सगळ्यांनी दोन्ही नमुने परत बघितले.

अप्पा म्हणाले, "एक वर्ष करून बघ, शिंत्रे."

अण्णांनी हात जोडले. जोडलेले होते म्हणून ते हलत नव्हते.

एवढ्यावर मी हे संपवलं असतं. पण नंतर महिन्याभरानं, एका रविवारी सकाळी, त्यांचं लाईटबिल चुकून आमच्या दारात पडलं होतं ते द्यायला मी गेलो. दार उघडंच होतं. कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीवर अण्णा नव्हते, गंगाक्का होत्या. अण्णा मागे स्टुलावर बसले होते, हात मांडीखाली धरून. पडद्यावर पिवळ्या रंगावर एक काळी रेघ अगदी सावकाश वळत होती. वळली, खाली आली, थांबली. मग शेजारी उभी दांडी आली. ग झाला. गंगाक्का गुडघ्यावर बोटानं तो गिरवत होत्या.

"परत," त्या म्हणाल्या.

अण्णांनी कळ दाबली. ग पुसला गेला आणि परत पहिल्यापासून यायला लागला.

मला बघून अण्णा बाहेर ओट्यावर आले. बिल हातात घेतलं, पण बघितलं नाही.

"लग्न झालं तेव्हा हिला लिहायला शिकवायला बसलो होतो," ते हलक्या आवाजात म्हणाले. "दोन दिवस. तिसऱ्या दिवशी ओरडलो. एवढं सोपं कसं येत नाही म्हणून. तिनं पाटी पुसली आणि फळीवर ठेवून दिली. परत कधी काढली नाही. मी पण विचारलं नाही, सर. सगळ्या गावाला अक्षरं लिहून दिली." मग म्हणाले, "मला हळू लिहायला येत नव्हतं. ह्याला पाहिजे तितकं हळू चालवता येतं."

"अहो," आतून गंगाक्कांची हाक आली. आम्ही दोघं दारात गेलो. त्या पडद्याकडे बोट दाखवत होत्या.

"हे मी भरलंय."

"काय भरलंयस?"

"हेच. अळणावरच्या गिरणीचा बोर्ड होता बघा. पहिलंच अक्षर होतं हे. तुम्ही कडा काढून जेवायला गेला, ऊन वाढत होतं, रंग वाळायला लागला. म्हणून मीच आत भरलं. तुम्हाला सांगितलं नाही, ओरडाल म्हणून."

अण्णा पडद्याजवळ वाकले.

"चुकलं होतं का काही?" गंगाक्कांनी विचारलं.

"नाही," अण्णा म्हणाले. "मला वाटलं होतं, मीच भरलंय."