बिनचालकाची गाडी आणि चार लिंबं

एका जंगलात रस्ता एकच होता, पण त्या रस्त्याविषयीची मतं मात्र झाडागणिक वेगळी होती.

त्या रस्त्यावर तरसाची गाडी चालायची. गाडी काळा धूर सोडायची आणि तरस पानाची पिंक. पुढे कुणी आलं तर तरस ब्रेक दाबत नसे, शिवी देत असे. शिवी ऐकून प्राणी आपोआप बाजूला होतात, मग ब्रेक कशाला झिजवायचा, असं त्याचं म्हणणं होतं.

बाकीचे प्राणी बाजूला व्हायचे. खवले मांजराला ते जमायचं नाही. मुलांनो, खवले मांजर घाबरलं की पळत नाही. ते जागच्या जागी अंगाचा गोळा करून बसतं. बिबट्यापुढे ही युक्ती चालते, कारण खवल्यांवर त्याचे दात चालत नाहीत. पण चाकाला दात नसतात.

खवली नावाच्या मादीचं बीळ रस्त्याच्या अलीकडे होतं आणि वाळवीची वारुळं पलीकडे. तिचं थोरलं पिल्लू तरसाच्या गाडीखाली गेलं होतं. आता धाकटा गुंडू तेवढा उरला होता, आणि भूक लागली की त्यालाही तोच रस्ता ओलांडावा लागे.

थोरलं गेलं तेव्हा प्राण्यांच्या सभेने दोन मिनिटं शांतता पाळली होती. तरसानेही पाळली. त्याने गाडी मात्र बंद केली नव्हती, त्यामुळे ती शांतता कुणाला नीटशी ऐकू आली नाही.

पुढे सुतारपक्ष्याने एक नवी गाडी बनवली. ती विजेवर चालायची, धूर सोडायची नाही आणि तिला चालकच नव्हता. चारही चाकांपाशी काचेचे डोळे होते. चाकासमोर काही दिसलं की ती थांबायची.

झालं! जंगलात चर्चा सुरू झाली. रोज संध्याकाळी जांभळाखाली सभा भरू लागली. कोल्हा नव्या गाडीच्या बाजूने बोलायचा आणि तरस विरोधात. दोघांपैकी कुणीही त्या गाडीत बसलेलं नव्हतं, त्यामुळे दोघांनाही मोकळेपणाने बोलता येत होतं.

"ही क्रांती आहे!" कोल्हा म्हणाला. "धूर नाही, आवाज नाही!"

"आवाज नाही तर गाडी आली हे कळणार कसं?" तरस गुरगुरला. "आणि ही वीज काय आकाशातून पडते?"

"पडतेच की!" कोल्हा म्हणाला. सभेने टाळ्या वाजवल्या.

"अरे, पलीकडच्या जंगलात कोळसा जाळतात, तेव्हा ती येते. धूर तिकडे निघतो."

"तिकडे निघतो ना? मग तो तिकडचा प्रश्न."

तरसाने मग हुकमी पान टाकलं. "समजा, रस्त्यात एकीकडे म्हातारा हत्ती आला आणि एकीकडे हरणाचं पाडस. तुझी गाडी कुणाला चिरडेल?"

हा प्रश्न सगळ्यांना इतका आवडला की सभा त्यावर अख्खा पावसाळा चालली. हत्ती रुसले. हरणांनी मोर्चा काढला. "ती कुणालाच चिरडणार नाही, थांबेल," असं सुतारपक्षी दोनदा म्हणाला. पण उत्तर फारच लहान असल्याने कुणी ते मनावर घेतलं नाही.

खवली सभेला जात नसे. पण एके दिवशी सुतारपक्षी गाडीची चाचणी घेत असताना गुंडू रस्त्याच्या मधोमध होता. गाडी आली. गुंडूचा गोळा झाला. खवलीने डोळे मिटून घेतले.

तिने डोळे उघडले तेव्हा गाडी गुंडूपासून हातभर अंतरावर उभी होती. हॉर्न नाही, शिवी नाही. गुंडूने गोळ्यातून एक डोळा बाहेर काढला, मग नाक, मग शेपूट. तो सावकाश पलीकडे गेला. मगच गाडी हलली.

"आई, ती माझ्यासाठी थांबली!" गुंडू म्हणाला.

"हो रे राजा."

"मग तरसकाका का थांबत नाहीत?"

"त्यांना घाई असते."

"कुठे जायची?"

ते खवलीला माहीत नव्हतं. तरसालाही नव्हतं. पण त्या दिवसापासून गुंडूने गाडीला घाबरणं सोडलं.

अखेर सिंह महाराजांनी नवी गाडी घेतली. चर्चा पटली म्हणून नव्हे, शेजारच्या जंगलातल्या सिंहाने घेतली म्हणून.

पूजेला सगळं जंगल लोटलं. बगळा भटजींनी गाडीला हार घातला, स्वस्तिक काढलं आणि चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. महाराज आत बसले.

"चल," महाराज म्हणाले.

गाडी जागची हलेना.

"काय झालं रे?"

"महाराज, चाकासमोर लिंबू आहे," सुतारपक्षी म्हणाला.

"ते आम्हालाही दिसतंय. चिरडायलाच ठेवलंय ते!"

"पण काही चिरडायचं नाही, एवढंच तिला शिकवलंय."

तरस पोट धरून हसला. "लिंबू चिरडवत नाही! म्हणे गाडी!"

कोल्हा क्षणभर गोंधळला, पण क्षणभरच. "तंत्रज्ञानाने परंपरेचा मान राखलाच पाहिजे, हे मी पहिल्यापासून सांगतोय," तो म्हणाला.

"लिंबू चिरडल्याशिवाय गाडी निघाली तर अपघात होतो," भटजींनी बजावलं.

"लिंबं बाजूला काढू या का?" सुतारपक्ष्याने विचारलं. सगळ्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने महाराजांची आयाळ काढायला सांगितली होती.

गर्दीतून खवली पुढे आली. "महाराज, राहू द्या ना तिला तशीच. ती थांबते."

"अहो बाई, थांबते हीच तर तक्रार आहे!" महाराज ओरडले. मग सुतारपक्ष्याकडे वळून म्हणाले, "शिकव तिला. गोल दिसलं आणि हलत नसलं, तर ते पूजेचं समजायचं. थांबायचं नाही."

"गोल म्हणजे केवढं, महाराज?"

"आज लिंबू आहे, उद्या नारळ ठेवू, परवा कोहळा. श्रद्धेला माप असतं का?"

सुतारपक्षी शिकलेला होता. गोल आणि न हलणारं त्या रस्त्यावर आणखी काय असतं, हे त्याला ठाऊक होतं. त्याने खवलीकडे पाहिलं. मग महाराजांकडे पाहिलं. मग चोचीने गाडीतला एक स्क्रू फिरवला. मुलांनो, शिक्षणाचा उपयोग होतो तो असा.

चारही लिंबं एकदम फुटली. जंगलाने जयजयकार केला. गाडी निघाली.

वळणापलीकडे गुंडू रस्ता ओलांडत होता. गाडी दिसताच सवयीने त्याचा गोळा झाला. पण या वेळी तो घाबरला नव्हता. एक डोळा बाहेर ठेवून तो गाडी थांबायची वाट पाहत होता.

महाराजांना आत बसल्या बसल्या जरासा धक्का जाणवला.

"काय होतं?"

"पूजेचंच असेल काही," शेजारी बसलेले भटजी म्हणाले.

संध्याकाळी सभेने दोन मिनिटं शांतता पाळली. गाडी विजेची असल्याने या वेळी शांतता अगदी स्वच्छ ऐकू आली. कोल्ह्याने ही प्रगती सभेच्या लक्षात आणून दिली.

"माझी गाडी असती तर पोराला निदान शिवी तरी ऐकू आली असती," तरस म्हणाला.

मग दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं. दोष गाडीचा नाही, आकाराचा आहे. खवले मांजरांनी काळाबरोबर बदलावं आणि घाबरल्यावर चौकोनी व्हायला शिकावं, असा ठराव टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर झाला.

रस्त्याच्या कडेला खवली अंगाचा गोळा करून बसली होती, आणि हलत नव्हती. सभा सुटल्यावर घरी जाणाऱ्या कुणीतरी तिच्यावर हळदकुंकू वाहिलं आणि नमस्कार केला.

तात्पर्य : नव्या यंत्राला उगाच भिऊ नये. सुरुवातीला ते थांबतं, बघतं, जीव वाचवतं. पण चार सभ्य प्राण्यांच्या संगतीत राहिलं की सुधारतं.