याकूबभाई आणि चेंबरचा नट

माणसं महिन्याला केस कापतात, आमचे शेजारी याकूबभाई महिन्याला गाडीचं ऑइल बदलत. गाडी म्हणजे जुनीपुराणी पांढरी फियाट. ती महिनाभरात जायची कुठे, तर महाडच्या बाजारात आणि जुम्म्याला मशिदीपर्यंत. तेवढ्यासाठी ऑइल बदलायचं म्हणजे चहाच्या प्रत्येक घोटाला कप विसळण्यातला प्रकार. पण पहिला रविवार उजाडला की ते ऑइलचा डबा डिकीत टाकून पोलादपूरकडे निघायचेच.

ही नव्वदच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. मी तेव्हा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला होतो, त्यामुळे मला शहाणपणा शिकवायची खोड होती. एकदा त्यांनी काढून आणलेलं ऑइल मी बाटलीत भरून नेलं, रीतसर तपासलं आणि येऊन सांगितलं, "याकूबभाई, हे अजून सहा महिने सहज चालेल."

"केमिस्टसाब," ते शांतपणे म्हणाले, "चालतंय म्हणून सगळं चालवायचं असतं काय?"

काढलेलं ऑइल ते वाया घालवत नसत. ब्रश घेऊन आळीतल्या दारांच्या चौकटींना फासत फिरत. आमच्या आळीतल्या वाळवीने त्यांच्या धास्तीनेच मुक्काम हलवला असावा. माझ्या दोन पांढऱ्या शर्टांनीही हलवला.

तर त्या वर्षी गणपतीनंतर फियाटखाली काळा डाग पडायला लागला. इंजिनच्या तळाशी ऑइलचा चेंबर असतो, त्याला खालून एक नट असतो. तो काढला की जुनं ऑइल गळून जातं. त्या नटाचे आटे झिजून गेले होते. पहिला रविवार आठ दिवसांवर आला होता.

"रविवारच्या आत नट पायजे," याकूबभाई म्हणाले, आणि त्यांनी जेवणखाण सोडल्यासारखा चेहरा केला.

मला वाटलं, नट म्हणजे नट. बाजारात गेलो. दुकानदाराने खोकं पुढे ओतलं. याकूबभाईंनी गाडीच्या चेंबरचं माप घेऊन एक लोखंडी तुकडा आणला होता, त्याला तसंच भोक. त्यांनी डोळे मिटले, डाव्या हाताच्या दोन बोटांत नट धरला आणि भोक चाचपत बसले. नट तिरका लागला. ठेवला बाजूला. दुसरा घेतला.

"उजव्या हाताने बघा ना," मी म्हणालो.

"उजवा हात हुशार हाय. तो लबाडी करतो."

अर्ध्या तासाने दुकानदाराचा धीर सुटला. "चाचा, नट घेताय की सून बघताय?"

"सून धा मिन्टात पसंत केली होती," याकूबभाई डोळे न उघडता म्हणाले. "हे काम येगळं हाय."

तीन दुकानं झाली. एका गॅरेजवाल्याने तोड सुचवली की नवा नट कायमचा पक्का बसवून टाकू, पुढे ऑइल वरूनच पंपाने खेचून काढत जाऊ, नटाला हात लावायचाच नाही. त्या दिवशी मी याकूबभाईंना पहिल्यांदा चिडलेलं पाहिलं. "नट खोलायचाच नाय, तर मग गाडी ठेवू कशाला?" असं म्हणून ते तरातरा बाहेर पडले. त्यांचं डोकं फिरलंय, याबद्दल माझी खात्री पटली.

शेवटी चेंबर उतरवून लेथवाल्याकडे नेला. भोकाचेही आटे गेलेले निघाले, म्हणून त्याने एक माप मोठे आटे पाडले आणि नवा नट कातायला घेतला. त्याला याकूबभाईंची फर्माईश अशी, की डोकं मोठं पाहिजे आणि टोकाला बिनआट्याचं गुळगुळीत नाक पाहिजे. नाक आधी भोकात शिरेल, मग नटाला तिरकं जायला वावच राहणार नाही. दोन नट नापास झाले. तिसरा शनिवारी दुपारी डाव्या हाताने, मिटल्या डोळ्यांनी सुळकन बसला. याकूबभाईंनी लेथवाल्याला ईदला मारावी तशी मिठी मारली.

रविवारी म्हणाले, "चला केमिस्टसाब. ऑइल-ऑइल करत असता ना!"

पोलादपूर सोडून आंबेनळीच्या रस्त्याला लागलो. एका वाडीच्या अलीकडे वळण आलं, तिथे त्यांनी गाडी हळू केली.

"दर महिन्याला परत जाताना मी हितं थांबतो. खाली शिरून नट पुन्हा आवळतो. आटे मीच घालवले."

"का पण?"

"धर्मा मिस्त्रीने तीस वर्षं माझे ट्रक ह्या घाटात चालते ठेवले. दोन वर्षांमागं लकव्यानं त्याची उजवी बाजू गेली, आता कुठं जरा हलते. आता दुसरं कोण गाडी देतंय त्याच्या हातात? मी देतो. पण हात थरथरतो, नट तिरका बसतो. तिरका नट आवळला की आटे जातात, मला काय कळत नाय? पण तसाच ठेवला तर सगळं ऑइल रस्त्यात. आणि त्याच्यासमोर पाना घ्यायची माझी हिंमत नाय."

माझ्या तपासणीची मला मनापासून लाज वाटली.

धर्मा मिस्त्री अंगणात वाटच पाहत होता. याकूबभाईंनी फियाट शेताच्या चरावर आडवी उभी केली. मिस्त्री काठी टेकत चरात उतरला, गोणपाटावर बसला आणि गाडीखाली सरकला. ऑइल गळून गेलं. त्याने नवा नट उजव्या हातात घेतला. हात हलत होता. याकूबभाई आभाळाकडे बघत उभे राहिले. मी मात्र वाकून बघत होतो. नाक एकदा हुकलं, दुसऱ्यांदा भोकात शिरलं आणि नट सरळ फिरत गेला. मग मिस्त्रीने डाव्या हाताने पाना लावून तो घट्ट केला.

"याकूब," खालून आवाज आला, "आज वळणावर थांबू नको रे. नीट बसलाय."

"कुठलं वळण?" याकूबभाईंनी विचारून पाहिलं.

"तुझ्या गाडीचं इंजिन मला कळत नाय होय? दर बारीला तिथं बंद होतं, मग पुन्हा चालू होतं. हितं बसून सगळं ऐकू येतं."

याकूबभाई नवं ऑइल ओतायला गेले. डब्याचं झाकण त्यांना बराच वेळ उघडेना. मी पुढे झालो, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं आणि बाहीने डोळे पुसले.