पाइप अडकू नये म्हणून घेतलेली बैठक

मी असताना पाइप अडकणं शक्यच नाही! रिगवर रुजू झालो त्याच दिवशी मी हे ताईला फोनवर सांगून टाकलं.

"ते ठीक आहे," ताई म्हणाली, "फक्त यांचं नाव घालवू नकोस."

'हे' म्हणजे माझे दाजी. आमच्या तेलविहिरीवर ते ड्रिलर. पाइप वर-खाली करणारा ब्रेक त्यांच्या हातात. अकरा वर्षांत त्यांचा एकही पाइप खाली अडकला नव्हता, आणि ताई ही गोष्ट पाहुण्यांना पाणी देण्याआधीच सांगायची. त्यांच्याच शब्दावर मला चिकटवून घेतलं होतं. सहा महिने उमेदवारी, मग साहेबांच्या मनात आलं तर कायम. काम एकच: पाइप अडकू न देणं.

विषय तसा सोपा आहे. जमिनीत तीन हजार मीटर लोखंडी पाइप सोडलेला असतो. तो हलता ठेवायचा आणि त्यातून पंपाने पातळ चिखल फिरता ठेवायचा. हे थांबलं की खालचा गाळ पाइपला अशी मिठी मारतो, की लांबच्या मावशीनेही मारली नसेल!

पण माझ्यासारख्या हुशार माणसाला सोपं चालत नाही. मी एक पितळी घंटा टांगली आणि खाली नियम लावला: 'कुठेही नेहमीपेक्षा जास्त जोर लागला, की घंटा वाजवा. घंटा वाजताच सर्वांनी काम थांबवून बैठकीला यावे. गैरहजर राहिल्यास लेखी खुलासा.' त्याखाली साहेबांची सही. साहेब सही करताना फोनवर बोलत होते, पण सही ती सही.

पहिली घंटा स्वयंपाक्याने वाजवली.

"काय झालं?"

"बरणीचं झाकण निघत नाही. जोर जास्त लागतोय."

मी त्याचीही नोंद केली. दुसरी घंटा वेल्डरची. त्याच्या हत्यारपेटीचा खण रुसला होता. या दोन्ही वेळा मी बैठक न घेता नुसत्या नोंदीवर भागवलं. तिसरी घंटा मात्र अकराच्या सुमारास खुद्द दाजींनी वाजवली, आणि माझ्या अंगावर काटा आला. आनंदाने!

"वर ओढताना चार टन जास्त लागतायत," दाजी म्हणाले. "तुझ्या नियमाप्रमाणे वाजवली. आता मी पाइप जरा फिरवतो, तुम्ही बसा."

"असं कसं दाजी? सगळ्यांनी यायचं."

"साइटवर दाजी म्हणू नकोस."

"ड्रिलरसाहेब, सगळ्यांनी यायचं. नाहीतर लेखी खुलासा."

दाजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू विचारत होते, लग्नात मेहुणाही मिळतो हे आधी कुणी सांगितलं का नाही! पण लेखी खुलाशाला ते खालच्या गाळापेक्षा जास्त घाबरतात. आले.

केबिन खच्चून भरली. पंपवाला हात पुसून पहिल्या रांगेत. स्वयंपाकी बरणीसकट. मी एकामागून एक पानं पडद्यावर दाखवत होतो. ऐकणारे इतके शांत बसले होते, की मला आपल्या वक्तृत्वाचा दरारा जाणवू लागला. नंतर कळलं, ते झोपले होते.

पस्तीस मिनिटांनी नववं पान आलं. मी ठणठणीत आवाजात वाचलं: "पाइप कधीही स्थिर ठेवू नये!"

दाजी हळूच उठले.

"आत्ता पाइपजवळ कोण आहे?"

मी हजेरीचा कागद पाहिला. "कुणीच नाही. हजेरी शंभर टक्के आहे!"

"आणि पंपावर?"

पहिल्या रांगेतल्या पंपवाल्याने हात वर केला. "मी इथे आहे."

यानंतर केबिन ज्या वेगाने रिकामी झाली, त्या वेगाने माझी कुठलीच बैठक पूर्वी संपली नव्हती.

पाइप अडकला होता. वर होईना, खाली होईना, फिरेना. दाजींनी ओढलं, सोडलं, हिसके दिले. पंपवाल्याने तेलकट द्रव सोडला. मी मदत म्हणून उरलेली पानं वाचून दाखवू का विचारलं. दाजी ब्रेकवरून नजर न हटवता म्हणाले, "मेहुणेबुवा, तुमच्या ताईसाठी म्हणून तुम्ही अजून जमिनीच्या वर आहात."

तीन तासांनी खालून धडाम आवाज आला, वजनाचा काटा थरथरला आणि पाइप सुटला!

राहिला फॉर्म. पाइप अडकण्याचं कारण: ______. 'ड्रिलर जागेवर नव्हता' लिहिलं तर खरंच होतं. माझी नोकरी वाचत होती आणि दाजींची अकरा वर्षं जात होती. मी पेन तीनदा उचललं. मग ताईचा चेहरा आठवला आणि लिहिलं: 'ड्रिलर पाइप हलवत होते. मी त्यांना पाइप न अडकण्याच्या बैठकीसाठी उठवून आणले.'

साहेबांनी ते दोनदा वाचलं.

"यात ड्रिलरचा दोष नाही," ते म्हणाले. दाजींनी श्वास सोडला. "आणि तू," साहेब माझ्याकडे वळले, "विहीर बंद पाडून शंभर टक्के हजेरी? आमच्या बैठकीला निम्मे लोक येत नाहीत. उद्यापासून तू मुख्य कार्यालयात. कायम!"

संध्याकाळी दाजींनी ताईला फोन लावला. तिने विचारलेलं मलाही ऐकू आलं, "तिथे तो काय करणार?"

"हेच," दाजी म्हणाले. "पण तिथे खाली विहीर नाही."