शोभेची थप्पी

माणूस कसा आहे हे त्याच्या बोलण्यावरून कळत नाही, त्याच्या घरासमोरच्या लाकडांच्या थप्पीवरून कळतं, अशी नॉर्वेतल्या हेल्लेमू गावाची पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. थप्पी सरळ तर माणूस सरळ. थप्पी कलती तर माणूस पिणारा. थप्पीच नसेल तर माणूस ऑस्लोचा. गुनहिल्डच्या वडिलांनी जावई पसंत केला तोसुद्धा रस्त्यावरून त्याची थप्पी बघूनच. "बाबांनी जरा मागच्या बाजूला जाऊन बघायला हवं होतं," असं गुनहिल्ड लग्नापासून म्हणत आली आहे.

तिचा नवरा ओद्वार जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झाला होता आणि खात्याने ठेवून घेतली नाही ती सगळी काटेकोर वृत्ती त्याने थप्पीवर खर्च केली होती. थप्पी घराच्या भिंतीपासून निघून थेट रस्त्याकडेच्या टपालपेटीपर्यंत यायची. दोन्ही टोकं ओळंबा लावून उभी केलेली. बर्च झाडाच्या प्रत्येक ओंडक्याची साल वर. समोरच्या घरातला हाल्वोर साल खाली ठेवायचा. यावरून दोघांत कधी भांडण झालं नाही, फक्त तेव्हापासून त्यांचं बोलणं हवामानापुरतं उरलं होतं.

या थप्पीतला एकही ओंडका कधी जळला नव्हता. घर विजेच्या हीटपंपावर गरम व्हायचं. गेल्या नाताळात मात्र हीटपंपाने मान टाकली. जेवणाच्या वेळी ओव्हनमुळे खोली फार तापली म्हणून ओद्वारने पंप बंद केला, आणि नातीने, तिरिलने, भेटवस्तू उघडून झाल्यावर पुन्हा सुरू करायला गेला तर यंत्र ढिम्म. त्यानंतरचे दिवस सगळ्यांनी अंगावर कोट घालून साजरे केले.

म्हणून ऑक्टोबरात मुलीचा, मारितचा, फोन आला तेव्हा तिचा आवाज आधीच थंड होता.

"बाबा, स्पष्टच सांगते. गेल्या वर्षी तिरिल टोपी घालून जेवली."

"छान दिसत होती टोपीत."

"महिनाभर कान दुखत होता तिचा. हामारला माझ्या सासूकडे, एस्पेनच्या आईकडे, फरशीच गरम असते. पोरं घरात अनवाणी फिरतात."

"अनवाणी," ओद्वार म्हणाला. एखादा 'फरार' म्हणेल तसं.

"तू दिलेला दिवेवाला ट्रॅक्टर सोडला तर गेल्या नाताळातलं एकही चांगलं काही तिला आठवत नाही. यंदा घर गरम असेल तर येतो. नसेल तर हामारला जातो. आणि एकदा हामारला गेलो ना बाबा, की दरवर्षी तिकडेच. एस्पेनची आई सोडणारी नाही."

फोन ठेवल्यावर गुनहिल्ड म्हणाली, "उद्या मेकॅनिकला बोलावते."

"काही उपयोग नाही. कॉम्प्रेसर गेलाय."

"तुला काय माहीत?"

"आवाज येत नाही."

"आवाज तर तुझाही आठवडा आठवडा येत नाही. तुला मी टाकून दिला का?"

ओद्वारने याचं उत्तर दिलं नाही, त्यामुळे तिचाच मुद्दा सिद्ध झाला. थोड्या वेळाने तो म्हणाला, "कोठारात आजोबांची शेगडी आहे."

शेगडी बिडाची होती, तीन मजली, माणसाच्या छातीइतकी उंच. दर्शनी भागावर दोन सिंह ओतलेले होते. वीज स्वस्त झाल्यावर तिला कोठारात हलवण्यात आलं, तेव्हापासून खालच्या मजल्यावर उंदीर आणि वरच्या मजल्यावर कोंबड्या राहून गेल्या होत्या. ओद्वारने ती खोलून सगळे भाग जेवणाच्या टेबलावर मांडले. महिनाभर तो तारेच्या ब्रशाने गंज घासत बसला. सगळ्या सांध्यांतलं जुनं लुकण कोरून काढलं, नवं भरलं, दारांना धूर अडवणारी नवी दोरी बसवली आणि काळं पॉलिश चढवलं. सिंह घासून घासून मांजरांसारखे दिसू लागले. गुनहिल्ड महिनाभर ओट्याशी उभी राहून जेवली.

"माझ्यावर एवढा हात कधी फिरवला नाहीस," ती एकदा म्हणाली.

"तू गंजली नाहीस," ओद्वार म्हणाला. ही त्याने केलेली स्तुती होती. ती कळायला चाळीस वर्षांचा सराव लागतो आणि तो सराव असूनही गुनहिल्डला ती आवडली नाही.

शेगडी धुराड्याला जोडून झाल्यावर तपासणीला स्वेनुंग आला. गावात धुराडी झाडायचं काम स्वेनुंगकडे, आगीचा बंब चालवायचं काम स्वेनुंगकडे, आणि उत्सव समितीचा सचिवही तोच. गाव लहान असलं की एकाच डोक्यावर तीन टोप्या चढतात. त्याने शेगडीत वर्तमानपत्राचा बोळा पेटवला, धूर वर गेला, त्याने मान हलवली.

"फक्कड झालीय. पहिले दोन-तीन दिवस खिडक्या उघड्या ठेवून लहान लहान जाळ कर, पॉलिशचा धूर निघून जाऊ दे. आणि लाकूड कोरडं पाहिजे, बरं का. पण ते तुला काय सांगायचं! बाहेर थप्पी बघितली. असली थप्पी म्हणजे... ओद्वार, तुझं नाव घातलंय मी."

"कशात?"

"समिती यंदा स्पर्धा घेतेय. गावातली सर्वोत्तम थप्पी. निकाल जानेवारीत, नाताळची झाडं उतरवतात त्या दिवशी. हाल्वोरचंही नाव आहे."

स्वेनुंग कॉफी पिऊन निघून गेला. गुनहिल्ड टोपली घेऊन दाराकडे निघाली.

"कुठे?"

"लाकडं आणायला. लहान लहान जाळ करायचाय ना?"

"त्या थप्पीतली?"

"नाही, शेजाऱ्यांच्या टेबलाचे पाय कापून आणते!"

"गुनहिल्ड, निकाल जानेवारीत आहे. एक ओंडका काढला तर भोक पडेल. समोर हाल्वोर बसलाय."

"ओद्वार, लाकडं जाळायला असतात."

"जानेवारीनंतर."

"आणि मारित नाताळात येणार आहे."

"त्याची मी व्यवस्था करतो," ओद्वार म्हणाला. त्याच्या तोंडून हे वाक्य निघालं की गुनहिल्ड निमूटपणे बसून घ्यायची, कारण पुढे जे होणार ते उभ्याने बघण्यासारखं नसायचं.

व्यवस्था म्हणून त्याने घरामागचा एक वाकडा बर्च पाडला. तो ओला कच्च होता. फोडताना त्यातून पाणी उडालं. बर्च वाळायला दोन उन्हाळे लागतात, ओद्वारकडे डिसेंबर होता. म्हणून त्याने ओंडके विजेच्या ओव्हनमध्ये ठेवले आणि मंद आचेवर भाजायला सुरुवात केली.

नाताळला प्रत्येक घरात सात प्रकारची बिस्किटं व्हावी लागतात. सहा झाली तर लोक काही बोलत नाहीत, आणि हेल्लेमूत काही न बोलणं फार वाईट. गुनहिल्डला ओव्हन मिळाला तो दोन प्रकारांपुरता. तिसऱ्या प्रकाराला झाडाच्या सालीचा वास आला.

"म्हणजे मी समजून घेते हं," ती शांतपणे म्हणाली. "विजेने घर गरम करायचं नाही म्हणून लाकडं जाळायची, आणि लाकडं जळावीत म्हणून ती विजेवर गरम करायची."

"तात्पुरतं."

"मग विजेनेच मला गरम कर ना बाबा तात्पुरतं. मी ओव्हनमध्ये बसते."

आठवडाभर भाजूनही ओंडके आतून ओलेच निघाले. आता एकच मार्ग उरला होता आणि तो ओद्वारसारख्या माणसाला शोभणारा नव्हता: पेट्रोल पंपावर जाळीच्या पोत्यात मिळणारी परदेशी लाकडं. ती लाकडं पर्यटक घेतात, ऑस्लोची माणसं घेतात. हेल्लेमूच्या पंपावर कोणी बघितलं असतं तर थप्पीचा काही अर्थ उरला नसता. म्हणून ओद्वार कोटाची कॉलर वर करून, तीन गावं ओलांडून एल्व्हेरूमच्या पंपावर गेला. डिकीत चौथं पोतं ठेवताना शेजारच्या गाडीची डिकी उघडली. तिच्यातही जाळीची पोती होती. पोत्यांमागे हाल्वोर उभा होता.

दोघांनी एकमेकांच्या डिकीकडे बघितलं नाही.

"थंडी वाढली," हाल्वोर म्हणाला.

"वाढणारच. इकडे कुठे?"

"पेट्रोल भरायला."

"हाल्वोर, तुझी गाडी विजेवर चालते."

हाल्वोरने गाडीकडे बघितलं. "हो. आणि तू?"

"मी... कॉफी प्यायला."

"चांगली मिळते का?"

"नाही," ओद्वार म्हणाला आणि घरी आला.

मुलगी नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी आली. घरात अकरा अंश होते, पण ओद्वार म्हणाला, "कोट काढू नका, आत्ता पाच मिनिटांत काढावेच लागतील." लहान लहान जाळांत मोजकी पोती संपवायला तो तयार नव्हता, त्यामुळे हा शेगडीचा पहिलाच जाळ होता. तो मोठा असावा असं त्याला वाटलं. त्याने शेगडीच्या पोटात दोन पोती रिकामी केली.

पंपावरची लाकडं पंपाबाहेर पावसाबर्फात उभी असतात, हे त्याला लाकूड बघूनच कळायला हवं होतं; पण पोत्यांकडे त्याने घरी आल्यावरही नीट बघितलं नव्हतं. आधी लाकडं फुसफुसली. मग धूर आला. मग पॉलिश तापून त्याचा वेगळा, निळा धूर आला आणि दोन्ही धूर छताखाली एकत्र झाले. घरातले सगळे धोक्याचे भोंगे एकदम बोंबलू लागले.

"बाबा!"

"पॉलिशचा आहे! निघून जाईल!"

"आम्ही निघून जाऊ त्याच्या आधी!" मारितने तिरिलला उचलून अंगणात पळ काढला. समोरच्या खिडकीतून हाल्वोरने धूर बघितला आणि शेजारधर्म म्हणून अग्निशमन दलाला फोन केला.

स्वेनुंग बंब घेऊन आला. आग कुठेच नव्हती. त्याने दारंखिडक्या उघडल्या, शेगडीत डोकावून बघितलं आणि म्हणाला, "ओलं आहे रे. तुझ्याकडे? ओलं?" मग तो परत निघाला. अंगणात बर्फ साचल्यामुळे बंब वळवायला जागा नव्हती, म्हणून त्याने मागे घेतला.

थप्पी एकदम पडली नाही. आधी टपालपेटीकडचं टोक बसलं आणि मग उरलेली ओळ घरापर्यंत उलगडत गेली.

ओद्वार शर्टावरच बर्फात उभा होता. "स्वेनुंग! जानेवारीत परीक्षण आहे!"

"परीक्षण?" स्वेनुंग बंबाच्या खिडकीतून म्हणाला. "अरे, परीक्षण केव्हाच झालं. बर्फ पडायच्या आधीच. मीच केलं, गाडीतून. जानेवारीत फक्त निकाल."

 तिरिल वाकून एक ओंडका उचलायला गेली आणि तो तिच्या हातात मोडला. पुढची रांग ओद्वार दर वसंतात बदलायचा. ती पांढरीशुभ्र होती. तिच्यामागचं सगळं लाकूड काळं पडलं होतं. लाकडांतून हवा खेळावी म्हणून मध्ये फटी ठेवतात. ओद्वारला फट दिसली की चूक वाटायची. पांढऱ्या बुरशीचे गालिचे, आळंब्या आणि एक उंदराचं कुटुंब दिवसाच्या उजेडात आलं होतं.

गुनहिल्डने एक काळा ओंडका बुटाने उलटा केला.

"हेच," ती म्हणाली. "बाबांनी हेच मागे जाऊन बघायला हवं होतं."

मग ती घरात गेली आणि बॅग घेऊन बाहेर आली. बिस्किटांचे दोन डबे तिने बरोबर घेतले.

"तू पण हामारला?" ओद्वार म्हणाला.

"माझेही कान आहेत."

"आणि मी?"

मारितने गाडीत बघितलं. गाडीत एक जागा होती. कोणी त्याला 'चल' म्हणालं नाही, आणि कोणी म्हटल्याशिवाय ओद्वार बसणारा नव्हता. "घराकडे कोणीतरी बघायला हवं," तो म्हणाला.

"हो," मारित म्हणाली. "खिडक्या उघड्या आहेत."

नाताळच्या संध्याकाळी चर्चच्या घंटा वाजल्या तेव्हा दारात हाल्वोर उभा होता. त्याच्या खांद्यावर जाळीचं पोतं होतं.

"थंडी आहे," तो म्हणाला.

"आहे."

"ही वाळलीयत. माझ्या हीटपंपाखाली ठेवली होती." त्याने पोतं खाली टाकलं. "स्वेनुंगच्या बायकोने निकाल फोडला. तू तिसरा."

"पहिला तू?"

"मी दुसरा. पहिला आपल्या गावचा पेट्रोल पंप. पोत्यांचे थर फार सरळ लागलेले होते म्हणे."

"स्पर्धेत होतं तरी कोण कोण?"

"एवढेच," हाल्वोर म्हणाला आणि रस्ता ओलांडून गेला.

ओद्वारने साल वर ठेवून ओंडके आत रचले. शेगडी पहिल्या काडीला पेटली. कुठून धूर नाही, सांधा गळत नाही, बिडाचे तिन्ही मजले सारखे तापले. जेवणाच्या वेळेला घरात तेवीस अंश झाले. त्याने कोट काढला, मग स्वेटर काढला, आणि मग कोणी बघत नाही याची खात्री करून बूट आणि मोजेही काढले.

गुनहिल्ड जानेवारीत परत आली ती मेकॅनिकला बरोबर घेऊनच. त्याने हीटपंप उघडला नाही. त्याने रिमोट मागितला, उलटा केला, मागचं झाकण सरकवलं आणि दोघांपुढे धरला. आत सेल नव्हते. ते गेल्या नाताळात, भेटवस्तू उघडताना, दुकानं बंद झालेली असल्यामुळे, ओद्वारने काढून तिरिलच्या ट्रॅक्टरमध्ये घातले होते.

ट्रॅक्टर अजून चालतो.