हरण्यासाठी लावलेला गिअर

"हे बघ, उद्याच्या सायकल शर्यतीत बाबांनाच जिंकू द्यायचं," तिने होणाऱ्या नवऱ्याला बजावलं. "तीन वर्षं तेच पहिले येतायत. त्यांना हरवलंस, तर ते लग्नाला हो म्हणायचे नाहीत."

प्रेमात पडलेला माणूस हरायला केव्हाही तयार असतो. पण हा पडला तरणाताठा, रोज सायकलने ऑफिसला जाणारा. उगाच पाय ओढले, तर सोंग लगेच उघडं पडलं असतं. तो तडक सायकलवाल्याकडे गेला.

"सगळ्यात हळू जाणारा गिअर लावा."

"मागे हे मोठं चक्र टाकतो," सायकलवाला म्हणाला. "पाय भिंगरीसारखे फिरतील, सायकल मात्र गोगलगाय!"

ते खरंच होतं, पण सपाट रस्त्यावर. सकाळी सगळे भुर्रकन पुढे गेले. वकीलसाहेब, म्हणजे भावी सासरे, तर दिसेनासेच झाले. हलका गिअर म्हणजे भित्र्यांचं काम, असं त्यांचं ठाम मत. जावईबापू मजेत गुणगुणत मागे राहिले.

मग यंदाचा नवा, उभा चढ लागला. पुढच्यांच्या सायकली अडखळू लागल्या आणि याची गोगलगाय तुरुतुरु वर निघाली. एकाला मागे टाकलं, दुसऱ्याला टाकलं. बिचाऱ्याला घाम फुटला, तो भीतीने. वळणावर पाहतो तर वकीलसाहेब लालबुंद होऊन हँडलवर ओणवे झालेले.

हा पटकन उतरला. "काका, तुम्ही व्हा पुढे."

"कसा होऊ? पेडलवर उभा राहिलो तरी ढिम्म हलत नाही ही!"

"मग माझी घ्या."

वकीलसाहेबांनी जरा आढेवेढे घेतले, इकडेतिकडे पाहिलं आणि टांग मारली.

हा त्यांची सायकल ढकलत निम्म्यावर येतो न येतो, तोच वरच्या अंतिम रेषेवरून कर्णा गरजला, "सतरा नंबर पहिला!" सतरा नंबर याचाच होता, याच्या सायकलला बांधलेला. आता कसलं लग्न आणि कसलं काय!

तो सगळ्यांत शेवटी पोचला. ती डोळे वटारून उभी होती. वकीलसाहेब शेजारीच, त्याची सायकल घट्ट धरून.

"काका, चुकलं माझं. मी पंचांना सांगतो..."

"मी सांगितलंय. आपण दोघंही बाद." मग ते लेकीकडे वळले. "मुलगा गुणी आहे. लग्न तुमच्या सवडीने करा, माझं काही म्हणणं नाही. सायकल मात्र आजच आपल्या घरी येऊ दे."