तिसऱ्या बैलाचं तीर्थ

ब्राह्मणपुरीच्या प्रेमचंदनं त्या पोळ्याला एक छोटंसं ठरवलं. विहिरीवर नुकतंच आणलेलं पेट्रोलचं इंजिन बैलांबरोबर सजवायचं. एवढंच. (माणूस 'एवढंच' म्हणतो, तेव्हा घरच्यांनी जरा सावध व्हावं.)

इंजिन लहानच होतं, दोघांनी उचलावं असं. चाकाला दोरी गुंडाळायची, हिसका द्यायचा, की ते फटफट करत विहिरीचं पाणी केळीच्या बागेत फेकायचं. मोट हाकून हाकून बापाची कंबर गेली, आपली जाऊ नये म्हणून प्रेमचंदनं ते आणलं. आता हरण्या आणि काजळ्या ही मोटेची जोडी कशाला पोसायची? पोळा झाला, इंजिनानं बाग एकदा भिजवली, की जोडी शेजारगावच्या भिला पाटलाला द्यायची, असं बोलणंही झालं होतं.

सरलाबाईला, त्याच्या बायकोला, ते ऐकवत नव्हतं. दोन्ही वासरं तिनं बोटानं दूध चाटवून वाढवली होती. ती भांडली नाही. फक्त त्या दिवसापासून पहिली भाकरी बैलांना जाऊ लागली, आणि नवऱ्याच्या वाट्याला येणारी बहुतेक करपलेली असे.

"तोंड पाडू नको वं," प्रेमचंद म्हणाला. "आते इंजिनच मन्हा बईल शे. जे बईलेसनं करशी, ते त्यानं बी कर. काही बाकी ठेवू नको."

पोळ्याला इंजिनावर झूल चढली, घुंगरमाळ चढली. धुराच्या नळीला शिंगांचा लाल रंग फासला. गाव बघायला लोटलं. सरलाबाईनं बैलांचे पाय धुतले, पुरणपोळी चारली, प्रकाशा या क्षेत्राहून आणलेलं तापीचं तीर्थ तुळशीपान घालून पाजलं. मग ताट घेऊन इंजिनापुढे उभी राहिली.

"याचं तोंड कोठे शे?"

प्रेमचंदनं ऐटीत टाकीचं झाकण फिरवून काढलं. "हाई देख. आठेनच सगळं पोटमा जास." आणि तो लोकांना इंजिनाची ताकद सांगायला वळला. (सांगताना त्यानं ती थोडी वाढवली.)

पुढे पाऊस लागून राहिला आणि इंजिन गोणपाटाखाली निवांत पडलं. मग पावसानं अशी दडी मारली, की केळीची पानं कान पाडलेल्या बैलासारखी लोंबू लागली. प्रेमचंद खूश झाला. त्यानं भिला पाटलाला निरोप धाडला : आज बाग भिजवतो, संध्याकाळी जोडी न्यायला या.

सकाळी त्यानं दोरी गुंडाळली आणि हिसका दिला. इंजिन खोकलं. दुसरा हिसका दिला. इंजिनानं खोकणंही सोडलं. दुपारपर्यंत प्रेमचंदचा फेटा विहिरीच्या काठावर, सदरा बाभळीवर, आणि धोतर कसंबसं जागेवर होतं.

सरलाबाई भाकरी घेऊन आली. "जेवतस का ओढतस?"

"पेट्रोलमा भेसळ शे!" प्रेमचंद धापा टाकत ओरडला. "त्या जामसिंगनं फसाडं माले!"

जामसिंग म्हणजे शहाद्याचा मिस्त्री. पेट्रोल विकायचा आणि इंजिनंही दुरुस्त करायचा. त्याला जाब विचारायचा तर इंजिन तिथवर न्यायला हवं. त्याला गाडी हवी, गाडीला बैल हवेत. बैल कोणते, ते सांगायला नको. आणि सरलाबाईचा आवाज ऐकल्याशिवाय ते बैल पाय उचलत नसत, म्हणून तीही निघाली. प्रेमचंद मागे इंजिनाला मिठी मारून बसला. वाटेत भेटेल तो विचारी, "काय प्रेमचंदभाई, आजारी कोन शे?"

शहाद्याला पोचताच त्यानं गाडीतूनच आवाज चढवला. एस.टी.ला थांबलेली माणसं गोळा झाली.

"जामसिंग, तुन्हा पेट्रोलमा पानी शे!"

 जामसिंगनं इंजिनाची टाकी काढली आणि काचेच्या बरणीत उपडी केली. वर पेट्रोल राहिलं, खाली पाणी बसलं.

"पानी शे," जामसिंग म्हणाला.

"देखा!" प्रेमचंद लोकांकडे वळला. "कबूल व्हयना!"

"पानी शे, भाऊ. पन मन्हा पिंपमा तुळस उगत नही."

त्यानं बरणी उजेडात धरली. पेट्रोल आणि पाणी यांच्या मधोमध एक तुळशीचं पान डुलत होतं. माणसं वाकून पाहू लागली. प्रेमचंदही वाकला, आणि बराच वेळ वर आला नाही.

"पान मन्हंच शे," सरलाबाई बैलांजवळून म्हणाली. "तुम्हीच तोंड उघडी दिधं. तुम्हीच सांगं, काही बाकी ठेवू नको. बईलेसले पळीपळी दिधं, याले तांब्याभर दिधं. नवा शे म्हनीसन."

टाकीला आतून गंज धरला होता. सगळं खोलून धुवावं लागेल, इंजिन ठेवून जा, असं जामसिंगनं सांगितलं. हसू आवरत सांगितलं, हे त्याचे उपकारच.

केळी थांबणार नव्हती. घरी येताच सरलाबाईनं अडगळीतली मोट काढली, हरण्या-काजळ्याला जुंपलं, आणि प्रेमचंद बापासारखाच नाड्यावर, मोटेच्या जाड दोरावर, बसला. पाटातून पाणी बागेत शिरलं, तेव्हा भिला पाटील दोन दावी खांद्यावर टाकून हजर झाला.

"इंजिन कोठे शे?" त्यानं विचारलं.

"दवाखानामा," प्रेमचंद पुटपुटला.

"काय व्हयनं त्याले?"

"पानी बाधनं," सरलाबाई म्हणाली. "तुम्ही चहा घ्या भाऊ. दावी मात्र परत न्या."

 प्रेमचंदनं बागेकडे पाहिलं, बैलांकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि जोडी पुन्हा हाकली. त्या रात्री त्याची भाकरी करपली नव्हती.

पुढल्या पोळ्याला बरं झालेलं इंजिन पुन्हा झूल घालून बसलं. पण या वेळी प्रेमचंदनं त्याच्या टाकीला बैलाचं मुसकं घट्ट बांधलं होतं, आणि तो स्वतः राखणीला उभा होता. सरलाबाईनं हरण्याला तीर्थ पाजलं, काजळ्याला पाजलं. मुसक्याकडे पाहून ती जरा थांबली, आणि उरलेलं तीर्थ तिनं नवऱ्याच्या ओंजळीत ओतलं.

"तो पेत नही, त तुम्ही प्या."

प्रेमचंद मुकाट्यानं प्यायला. सरलाबाईनं त्याच्याही कपाळाला कुंकू लावलं, आणि पुढे जाताना, हाताला सवयच होती म्हणून, त्याच्या पाठीवर थाप मारली.