वेगळे होण्याचा खर्च आणि बाहेरचे अध्यक्ष

एखाद्या राज्यातून वेगळे व्हायला जनतेची इच्छा लागते, असा समज आहे. ती लागतेच, पण तिच्याआधी हॉल, माईक आणि दोन्ही बाजूंना चालेल असा अध्यक्ष लागतो. पहिल्या दोन गोष्टी झाशीत भाड्याने मिळतात. तिसरी सिव्हिल लाइन्समध्ये राहत होती आणि तिचे नाव विद्याधर आठल्ये होते.

विद्याधरराव राज्यशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. त्यांचे पूर्वज पेशव्यांच्या सुभेदाराबरोबर पूजाअर्चेसाठी कोकणातून झाशीला आले आणि परत जायचे राहून गेले. घरात अजून मराठी चालते. म्हणजे विद्याधरराव आणि अनुसूयाबाई ती बोलतात, आणि मुलगी इरा ती समजून घेऊन हिंदीत उत्तर देते.

एके सकाळी त्यांच्याकडे वकील नीरज तिवारी आणि पियूष गुप्ता एकत्र आले. हीच मोठी घटना होती. तिवारींना बुंदेलखंड उत्तर प्रदेशातून ताबडतोब वेगळा हवा होता. गुप्ताजींचे इलाइट चौराह्यावर रंगांचे दुकान. त्यांना बुंदेलखंड होता तिथेच हवा होता. भांडण आता भावनेचे उरले नव्हते, खर्चाचे झाले होते, आणि त्यासाठी ‘बुंदेलखंड पृथक्करण खर्च विचार परिषद’ भरायची होती.

“सर, अध्यक्ष तो आपको ही बनना है,” तिवारी म्हणाले.

“मैं ही क्यों?” विद्याधररावांनी नम्रपणे विचारले. आपल्या व्यासंगाबद्दल दोन शब्द ऐकायला मिळतील अशी त्यांची अपेक्षा होती.

“आप निष्पक्ष हैं,” गुप्ताजी म्हणाले. “आप तो बाहर के हैं न.”

चहाचा ट्रे घेऊन आलेल्या अनुसूयाबाई दारातच थांबल्या. पाहुणे गेल्यावर म्हणाल्या, “अहो, अडीचशे वर्षं झाली. अजून किती राहिलं की आतले होतो, ते तरी विचारायचंत.”

“अगं, अध्यक्षपद देतायत,” विद्याधरराव म्हणाले. पण त्या दिवशी त्यांचा चहा गार झाला.

परिषद दर रविवारी भरू लागली. खुर्च्या आणि माईकची जबाबदारी निवृत्त सुभेदार लक्ष्मण शेलार यांनी घेतली. लक्ष्मणराव मूळचे साताऱ्याकडचे. शेवटची नेमणूक झाशीजवळच्या बबीन्याच्या लष्करी छावणीत झाली, तेव्हा झाशीतच घर बांधून राहिले. संध्याकाळी ते आणि विद्याधरराव बरोबर फिरायला जात. गणपती बसवताना आरती विद्याधरराव म्हणत आणि मांडव लक्ष्मणराव उभा करत. (दोन्ही कामे सारखीच महत्त्वाची आहेत, असे आरती म्हणणारे नेहमी सांगत.)

पहिल्या रविवारी तिवारींनी सिद्ध केले की वेगळे व्हायला काहीच खर्च येत नाही. “घर बदलने में क्या लगता है? ट्रक का किराया!” त्यावर गुप्ताजी उठले. राज्यातल्या प्रत्येक शाळेवर, दवाखान्यावर, पुलावर आणि म्हशींच्या इस्पितळावर ‘उत्तर प्रदेश’ लिहिले आहे. ते सगळे पुसून नवे नाव लिहायला जो रंग लागेल त्यात जुने राज्य दोनदा विकत घेता येईल, असे त्यांनी सांगितले. भाषण संपल्यावर त्यांनी त्या रंगाचे दरपत्रकही अध्यक्षांकडे दिले. घाऊक सवलतीसह. विरोध आपल्या जागी, असे ते म्हणाले.

दुसऱ्या रविवारी राजधानीचा खर्च निघाला. झाशीकरांना ती झाशीत हवी होती, पूर्वेकडच्या बांदा जिल्ह्यातल्यांना बांद्यात. शेवटी राजधानीने सहा-सहा महिने दोन्हीकडे राहावे असे ठरत होते, इतक्यात झाशी जिल्ह्यातल्याच एरच गावाहून आलेले एक गृहस्थ उठले. एरच ही हिरण्यकश्यपूची राजधानी होती, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे, असे ते म्हणाले. (त्या कारभाराचा लेखापरीक्षण अहवाल मात्र परिषदेला मिळू शकला नाही.) तुम्ही लखनौपासून सुटणार असाल तर आम्ही झाशीपासून सुटतो, आणि आमचा खर्च तुम्ही द्यायचा! हा मुद्दा तर्काला धरून असल्यामुळे पाऊण तास आरडाओरडा झाला.

बेरीज करता करता वेगळे होण्याचा खर्च बारा हजार कोटींवर गेला. तो खरा आहे यावर ज्यांचा विश्वास नव्हता, त्यांनी तेरा हजार सांगितला. आता एकच प्रश्न उरला: द्यायचा कोणी? शेतकऱ्याने नाही, व्यापाऱ्याने नाही, नोकरदाराने तर मुळीच नाही. सभागृहात पहिल्यांदाच शांतता पसरली.

तिसऱ्या रविवारी ती शांतता गुप्ताजींनी मोडली. “जो बाहर से आकर बसे हैं, वो दें. हमारी हवा, हमारा पानी, हमारी सड़कें ले रहे हैं.”

टाळ्या पडल्या. तिवारींनी गुप्ताजींना मिठी मारली. वेगळे व्हायचे म्हणणारे आणि राहायचे म्हणणारे एका क्षणात एक झाले. ‘वास्तव्य अधिभार’ असे त्याचे नाव ठरले. बाहेरचा कोण, याचीही सोपी व्याख्या झाली: ज्याला ‘मूळचे कुठले?’ असे विचारावेसे वाटते तो. उपस्थित सभासदांनी एकमेकांना विचारले नाही, कारण वेळ कमी होता.

या प्रसंगी विद्याधरराव उठून ‘हे चूक आहे’ असे म्हणू शकले असते. तसे वाक्य त्यांनी मनात तयारही केले. उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, “सूचना विचार करण्याजोगी आहे. पण एखादे वर्ष ठरवायला हवे. त्या वर्षाआधी आलेले ते इथलेच, असे धरावे. मला सतराशे साठ हे वर्ष इतिहासाच्या दृष्टीने योग्य वाटते.”

आठल्यांचे मूळ पुरुष सतराशे छप्पन्नच्या सुमारास आले होते. चार वर्षे त्यांनी खबरदारी म्हणून ठेवली.

“बिलकुल ठीक!” तिवारी म्हणाले. “सर, आप तो अपने ही हैं.”

हे वाक्य ऐकायला आठल्यांच्या नऊ पिढ्या थांबल्या होत्या. विद्याधररावांचे डोळे भरून आले. त्यांनी ठराव मंजूर झाल्याचे माईकवरून जाहीर केले.

सभा संपली. लक्ष्मणराव खुर्च्या एकावर एक रचत होते. हातातली खुर्ची खाली न ठेवता त्यांनी विचारले, “सर, मी अठ्ठ्याण्णव साली आलो. मला किती बसेल?”

विद्याधरराव गडबडले. “तुमचं... मी बोलतो ना त्यांच्याशी. माजी सैनिक म्हणून सवलत मिळवून देतो. निम्मा तरी माफ होईल.”

“बरं,” लक्ष्मणराव म्हणाले. त्यांनी उरलेल्या खुर्च्या रचल्या, माईकची तार गुंडाळली आणि निघून गेले. त्या संध्याकाळी ते फिरायला आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत.

“शेलार अंकल क्यों नहीं आ रहे, बाबा?” इराने विचारले.

“त्यांचे गुडघे दुखतायत,” विद्याधरराव म्हणाले. अनुसूयाबाईंनी नवऱ्याकडे पाहिले आणि पोळी उलटली. नेहमीपेक्षा जरा जोरात.

चौथ्या रविवारी उपसमितीचा अहवाल आला. सतराशे साठनंतर आलेल्यांकडून अधिभार घेतला तरी तोंडमिळवणी होत नव्हती. अंदाजपत्रकात खड्डा राहत होता. यावर तोडगा एकच होता आणि तो अत्यंत शास्त्रीय होता: वर्ष सतराशे करावे.

विद्याधररावांनी अहवाल दोनदा वाचला. “तिवारीजी, पिछले इतवार तो आपने कहा था कि मैं अपना हूँ.”

“अपने तो आप हैं ही, सर,” तिवारी प्रेमाने म्हणाले. “तभी तो आप बुरा नहीं मानेंगे.”

ठराव एकमताने मंजूर झाला. अध्यक्षांचे मत परंपरेप्रमाणे धरलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी एका स्थानिक वर्तमानपत्रात त्यांचा फोटो आला आणि खाली बातमी: बाहरी अध्यक्ष ने ही रखा बाहरियों पर कर का प्रस्ताव, चारों ओर प्रशंसा.

संध्याकाळी विद्याधरराव लक्ष्मणरावांच्या घरी गेले. फाटकाशी बराच वेळ कडीला हात लावून उभे राहिले. आतून लक्ष्मणरावांनीच पाहिले.

“या सर, उघडंच आहे.”

“लक्ष्मणराव, मी तेव्हा बोलायला हवं होतं.”

“बोललात की. वर्ष सांगितलंत.” लक्ष्मणरावांनी खुर्ची पुढे केली. “बसा. आता दोघांचं मिळून भरू. चहा घेणार?”

त्या चहात साखर बरोबर होती. विद्याधररावांनी मात्र अर्धा कप तसाच ठेवला.

घरी येऊन त्यांनी पुण्याला चुलतभावाला, हृषीकेशला, फोन लावला. आपल्या माणसाशी बोलावे असे वाटत होते. सगळी हकिकत ऐकून हृषीकेश पेटलाच.

“अन्याय आहे हा, विद्याधर! अडीचशे वर्षं तुम्ही तिथे राहताय, त्या शहरासाठी खपताय, आणि तुम्हाला बाहेरचे म्हणतात? माणुसकी आहे की नाही?”

विद्याधररावांना भरून आले. “तेच रे. तेच म्हणतो मी.”

“जरा थांब हं,” हृषीकेश म्हणाला. मग तो फोनपासून लांब होऊन कोणावर तरी ओरडल्याचे ऐकू आले: “ए भैया! लिफ्ट से नहीं, जीने से जाओ! कितनी बार बोला?” तो परत फोनवर आला. “काय सांगू तुला. हे लोक आलेत कुठून कुठून आणि सोसायटीत पाणी पुरत नाही. बरं, मला एक सांग. तो अधिभार तुमच्याकडे मोजतात कसा? माणशी की खोलीमागे? आमची रविवारी मीटिंग आहे. मसुदा पाठवतोस का?”

विद्याधररावांनी फोन ठेवला. मग मसुदा पाठवला. आपल्या माणसाला नाही कसे म्हणायचे?

हा मसुदा आता मराठीतही उपलब्ध आहे. ज्या वाचकांना प्रत हवी असेल त्यांनी आपले मूळ गाव आणि तिथून निघाल्याचे वर्ष कळवावे. आपल्याला असले काही कळवायची गरज नाही असे ज्यांना वाटते, त्यांच्या सोसायटीत तो मागच्याच रविवारी मंजूर झालेला आहे.